आशा फॉर एज्युकेशन : सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून घेतलेला हिशोब

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ अशा तालुक्यांत पाड्यांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, मुलांचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या छोट्या संस्थांना एक सल्ला हमखास मिळतो. ‘अहो, आपली एवढी मुलं अमेरिकेत आहेत, तिकडे लिहा की!’ तिकडे म्हणजे कुठे, कोणाला, काय लिहायचं आणि पैसे मंजूर झाल्यावर इथे काय काय करावं लागतं, हे सांगायला मात्र सल्ला देणारा थांबत नाही. म्हणून ‘आशा फॉर एज्युकेशन’ या अमेरिकेतल्या स्वयंसेवी संस्थेचं हे परीक्षण, तेही घेणाऱ्याच्या बाजूनं. देणगीदाराच्या बाजूनं लिहिलेलं कौतुक भरपूर सापडतं. पाड्यावर वर्ग चालवणाऱ्याला त्यातलं फारसं कामी येत नाही.

१९९१ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संदीप पांडे, दीपक गुप्ता आणि व्ही. जे. पी. श्रीवास्तव यांनी ही संस्था सुरू केली. पांडे यांना पुढे २००२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामुळे नाव अनेकांच्या कानावर असतं. काम एकच, भारतातल्या वंचित मुलांच्या शिक्षणाला पैसे आणि पाठबळ देणं. अमेरिकेतल्या शहरांत आणि विद्यापीठांत हिच्या शाखा आहेत आणि शाखा चालवणारी माणसं पगारी नाहीत. दिवसा नोकरी किंवा पीएचडी, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हे काम. पैसे उभे करण्याच्या तऱ्हाही तशाच : लोकांकडून मॅरेथॉनची तयारी करून घ्यायची आणि धावणाऱ्यानं ओळखीपाळखीत देणग्या मागायच्या, गाण्याचे कार्यक्रम करायचे, स्टॅनफर्डच्या शाखेनं होळी साजरी करायची, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘एक तासाची कमाई द्या’ म्हणायचं. तिथल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यानं दिलेल्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात, त्याचाही आधार असतो.

या रचनेतून आपल्या कामाची एक गोष्ट निघते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘आशाकडे अर्ज केला’ असं आपण म्हणतो, पण अर्ज जातो एका शाखेकडे. कोणता प्रकल्प घ्यायचा हे प्रत्येक शाखा आपल्या बैठकीत, आपल्या पैशांच्या हिशोबानं ठरवते. एका शाखेनं नाही म्हटलं म्हणजे दार बंद झालं असं नसतं. उलट एकच अर्ज चार शाखांना एकाच दिवशी धाडणं वाईट. ही मंडळी एकमेकांना ओळखतात आणि संस्थेच्या वेबसाइटवर प्रकल्पांची पानं सगळ्यांसाठी उघडी असतात. कुठल्या प्रकल्पाला कोणत्या शाखेनं मदत केली, भेटीला कोण गेलं, त्यानं काय लिहिलं, हे तिथे वाचता येतं. अर्ज लिहिण्याआधी महाराष्ट्रातल्या दोन-तीन प्रकल्पांचे भेट-अहवाल नीट वाचावेत. कोणते प्रश्न येणार याचा त्याहून चांगला अंदाज दुसरीकडे मिळणार नाही.

प्रकल्प विचारात घेतला की शाखेतला एक स्वयंसेवक त्याची जबाबदारी घेतो. त्याला ते स्टुअर्ड म्हणतात, आपण प्रकल्पाचा पालक म्हणू. इथून पुढे तुमचा संबंध या एका माणसाशी. तुमची बाजू शाखेच्या बैठकीत तोच मांडतो, आकडे त्यानंच समजावायचे असतात आणि मतही त्याच्या मांडणीवर फिरतं. त्याला पाडा म्हणजे काय हे माहीत असेल असं धरून चालू नका. मराठी आडनावाचा निघाला तरी तो पुण्यात वाढलेला असू शकतो. सुरगाण्यातलं मूल घरी कोकणा किंवा डांगी बोलतं आणि पहिलीत त्याच्यासाठी मराठी ही जवळजवळ नवी भाषा असते, हे त्याला सांगावं लागतं. सांगितलं की कळतं, आणि मग तो ते बैठकीत तुमच्यापेक्षा चांगलं सांगतो.

फोनची वेळ हा लहान विषय नाही. कॅलिफोर्नियात शनिवारी संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारी सकाळचे साडेसहा झालेले असतात. तिकडची घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली की आपले साडेसात. म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत एक वेळ आणि उरलेले महिने दुसरी. घड्याळं बदलण्याच्या आठवड्यात हमखास घोळ होतो, कोणीतरी एक तास ताटकळत बसतं. सावळ घाट उतरला की फोनची रेंज कुठे लागेल आणि कुठे जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून कॉलसाठी शिक्षिकेनं पेठ किंवा सुरगाणा गावात येऊन बसलेलं बरं. आणि बोलू द्यावं शिक्षिकेलाच. संस्थेच्या अध्यक्षांनी पाऊण तास प्रास्ताविक केलं की समोरचा माणूस नम्रपणे ऐकतो आणि बैठकीत सांगतो, ‘वर्गाबद्दल फारसं कळलं नाही.’

आता प्रश्नांकडे. आमच्या मते आशाची खरी किंमत इथे आहे, रकमेपेक्षा जास्त.

स्थानिक देणगीदार विचारतो, ‘किती मुलं?’ हे लोक विचारतात, ‘पटावर २७ आणि हजेरी २७, जुलैतही?’ पावसाळ्यात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पेठ-सुरगाण्यातली आठ-दहा वर्षांची पोरं धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबतात किंवा शेतावर जातात. जुलैच्या हजेरीपत्रकात सलग २७ बरोबरच्या खुणा असतील तर ते पत्रक महिनाअखेरीस एका बैठकीत भरलंय, हे तीन ओळी पाहिल्या तरी समजतं. एकाच पेनाची शाई, एकाच तिरकेपणाच्या खुणा. खरं हजेरीपत्रक वेगळं दिसतं. पावसाचा डाग, मध्येच पेन्सिल, एका मुलीच्या नावापुढे सलग नऊ गैरहजेऱ्या आणि समासात ‘मामाकडे’. असं पान स्कॅन करून पाठवायला संस्था घाबरतात. घाबरू नये. नऊ गैरहजेऱ्यांचं पान पाहून प्रकल्पाच्या पालकाचा विश्वास बसतो, सत्तावीस खुणांच्या पानानं शंका सुरू होते.

दुसरा नेहमीचा प्रश्न, ‘वर्गामुळे फरक पडला हे कशावरून?’ यावर ‘मुलं आता धीट झालीत’ हे उत्तर पुरत नाही. सोपा उपाय आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या असर सर्वेक्षणात वापरतात ती वाचनाची चाचणी घ्यावी : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, वजाबाकी, भागाकार. एका मुलाला पाच ते दहा मिनिटं लागतात. जूनअखेरीस एकदा, दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आणि मार्चमध्ये एकदा घ्यावी. प्रत्येक मुलाच्या नावापुढे पातळी लिहावी, सरासरी काढू नये. सरासरीत स्थलांतर करून परतलेली मुलं हरवतात, आणि वर्ग तर त्यांच्यासाठीच असतो. चाचणी शिकवणाऱ्या बाईंनी आपल्याच वर्गाची घेऊ नये, दोन पाड्यांच्या शिक्षिकांनी अदलाबदल करावी. नाहीतर नकळत मदत होतेच. मूल ‘क…’ म्हणून अडलं की बाई ओठ हलवतातच.

तिसरा विषय स्थलांतराचा, आणि नाशिकबाहेरच्या माणसाला तो सर्वांत उशिरा उमगतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, मग डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, पुढे खुडणी, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. या प्रत्येक कामाला सुरगाणा, पेठ, हरसूल भागातून माणसं उतरतात, काही वीटभट्ट्यांवर जातात, आणि लहान मुलं बरोबर जातात. म्हणजे दिवाळीनंतर पाड्यावरचा वर्ग निम्म्यावर येऊ शकतो. अमेरिकेतले स्वयंसेवक सुट्टी काढून भारतात येतात ते बहुधा डिसेंबरात. थोडक्यात, तुमचा वर्ग सर्वांत रिकामा असतो त्या महिन्यात पाहुणा दारात. अशा वेळी शेजारच्या पाड्यावरची पोरं आणून बसवण्याचा मोह होतो. करू नका, मुलं बोलून टाकतात. भेटीआधी दोन ओळींत कळवावं : पटावर २५, सध्या गावात ११, बाकीची कुठे गेली त्याची यादी सोबत. शाळेतून गेलेल्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) घेतलं होतं का, गावात हंगामी वसतिगृह सुरू आहे का, हेही त्यात असावं. जमल्यास पाहुण्याला परतताना दिंडोरीकडच्या एका बागेवर न्यावं. तिथे शेडमध्ये तीच मुलं भेटली की अहवालात वेगळं लिहायला काही उरत नाही.

पैसे कशासाठी मागावेत? शिक्षिकेच्या मानधनासाठी. ही संस्था शिक्षकांचं मानधन हा कामाचा गाभा मानते, आणि आपल्याकडे नेमका त्यालाच दाता मिळत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांकडे सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवायचा, पैसा असतो, कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा-उलाढालीवरच्या कंपन्यांना तो खर्चावाच लागतो. पण तिथे बाकं, टॅब, रंगकाम, बोअरवेल लवकर मंजूर होतं, कारण त्यावर पाटी लावता येते. बाईंच्या पगारावर पाटी लावता येत नाही. ज्यांना वस्तू हव्या आहेत त्यांनी सरळ सीएसआरकडे जावं, तिथे परदेशी देणगीच्या कायद्याची कटकटही नाही.

एक नमुना अंदाजपत्रक मांडून पाहू. चार पाडे, प्रत्येकी २५ मुलं, म्हणजे १०० मुलं. चार शिक्षिका, दरमहा ७,००० रुपये : वर्षाला ३,३६,०००. एक समन्वयक, दरमहा १२,००० : १,४४,०००. वह्या, पाट्या, गोष्टींची पुस्तकं, चाचणीच्या प्रती मिळून मुलामागे ६०० : ६०,०००. चणे-गूळ किंवा राजगिऱ्याचा लाडू, दिवसाला ८ रुपये, २२० दिवस : १,७६,०००. समन्वयकाच्या मोटरसायकलचं पेट्रोल आणि एसटी, दरमहा ३,००० : ३६,०००. हिशोब आणि लेखापरीक्षण : ३०,०००. एकूण ७,८२,००० रुपये, मुलामागे वर्षाला ७,८२०.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. अडचण अशी की परदेशी देणगी नियमन कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च त्या वर्षी आलेल्या परदेशी देणगीच्या २० टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय धरत नाहीत, पण कामाच्या व्यवस्थापनासाठी नेमलेल्या माणसाचा पगार, गाडीखर्च, हिशोबनिसाचं बिल हे सगळं त्यात येऊ शकतं. वरच्या अंदाजपत्रकात समन्वयक, प्रवास आणि हिशोब मिळून २,१०,००० होतात, म्हणजे जवळजवळ २७ टक्के. मर्यादा आहे १,५६,४०० ची. अर्ज मंजूर, पैसे खात्यात, आणि वर्षअखेरीस सीए कपाळावर हात मारतो.

याचा प्रामाणिक इलाज एकच : समन्वयकानं खरोखर शिकवायचं. आठवड्यातले तीन दिवस त्यानं दोन पाड्यांवर गणित घ्यायचं, नेमणूकपत्रात तसं लिहायचं आणि दररोजची वेळनोंद ठेवायची. मग त्याचं निम्मं मानधन, म्हणजे ७२,०००, व्यवस्थापनात धरलं तर एकूण १,३८,००० होतात, साडेसतरा टक्क्यांच्या थोडं वर. वर्गीकरण वर्षाच्या सुरुवातीला सीएकडून लिहून घ्यावं. मार्चमध्ये ‘शिकवतो म्हणून दाखवा’ असं ठरवलेलं वेळनोंदींवरून लगेच ओळखू येतं, कारण त्याच तारखांना तो बँकेत सही करत असतो.

यातच दुसरी पाचर आहे. टक्केवारी त्या आर्थिक वर्षात आलेल्या रकमेवर मोजतात. रक्कम दोन हप्त्यांत यायची असेल आणि दुसरा हप्ता मार्चऐवजी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला, तर भागाकारातला खालचा आकडा निम्मा होतो. खर्च तेवढाच, टक्के दुप्पट. स्वयंसेवकांच्या संस्थेत हप्त्याला दोन आठवडे उशीर होणं अगदी स्वाभाविक आहे. कोणाची परीक्षा असते, कोणाचं घर बदलणं. त्यांच्या दृष्टीनं दोन आठवडे म्हणजे काहीच नाही, कारण तिकडचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. ३१ मार्चचं महत्त्व त्यांना पत्रानं कळवावं लागतं. दुसरा हप्ता जानेवारीत मागावा आणि अहवाल डिसेंबरात तयार ठेवावा, म्हणजे आपल्याकडून अडत नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू, कारण आशाबद्दलच्या बहुतेक निराशा आशामुळे होत नाहीत, इथल्या कागदांमुळे होतात.

पहिला गैरसमज सर्वांत महाग पडतो. ‘आपल्याच भाचीनं पाठवलेत, परदेशी कसे?’ भाची भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तिनं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी, ती परदेशी देणगी. आणि आशा ही अमेरिकेत नोंदलेली संस्था आहे, तिथला प्रत्येक स्वयंसेवक नाशिकच्या कॉलेज रोडवर वाढलेला असला तरी तिचा पैसा परदेशीच. गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तो एक रुपयाही घेता येत नाही. जुने लॅपटॉप पाठवले तरी कायदा सुटत नाही, वस्तूही देणगीच असते.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत उद्दिष्टांवर निदान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. पाड्यावरच्या लहान संस्थेला हा आकडा मोठा वाटतो. वर्षाला पाच लाख म्हणजे वरच्या अंदाजपत्रकातले सुमारे अडीच पाडे, तेही स्थानिक पैशांतून. जिथे अजून रद्दी विकून खडू येतात, त्यांनी आधी नाशिकमध्ये शंभर देणगीदार जमवावेत, ते जास्त टिकाऊ ठरतात. १५ लाखांचा खर्च न झालेल्या संस्थेला पूर्वपरवानगीचा मार्ग असतो. विशिष्ट देणाऱ्याकडून, विशिष्ट रक्कम, विशिष्ट कामासाठी. त्यासाठी देणाऱ्याचं वचनपत्र आणि प्रकल्पाचा तपशील लागतो. म्हणजे शाखेनं आधी हो म्हणायचं आणि पैसे मात्र परवानगीनंतर. या मधल्या काळात शाखेतला तुमचा पालक बदलला, तर गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची तयारी ठेवा.

पूर्वी तिसरा रस्ता होता. नाशिक-पुण्यातली एखादी मोठी संस्था आपल्या नोंदणीवर पैसे घ्यायची आणि सुरगाण्यातल्या छोट्या संस्थेला द्यायची. २०२० च्या दुरुस्तीनं तो बंद झाला. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्या संस्थेची स्वतःची नोंदणी असली तरीही. ‘आम्ही पैसे वर्ग करून देतो’ असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघावं. मोठ्या संस्थेनं तो अभ्यासवर्ग स्वतःचा प्रकल्प म्हणून चालवला, शिक्षिका स्वतः नेमल्या, हिशोब स्वतः ठेवला, तर चालतं. पण मग छोट्या संस्थेचं नाव आणि अधिकार जातात. काहींना मुलांसाठी ते मान्य असतं, काहींना नाही. दोन्ही समजण्यासारखं आहे.

पैसे येतात ते फक्त नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. तिथून खर्चासाठी नाशिकच्या खात्यात वळवता येतात. पाठवताना देणाऱ्याचं नाव, पत्ता, देश आणि कारण हे संदेशाबरोबर यावं लागतं. त्यातलं काही राहिलं की रक्कम अडकते आणि विचारणा येते. पहिल्या वेळी शाखेच्या खजिनदाराला हा तपशील एका कागदावर लिहून द्यावा, पुढच्या वेळी तोच कागद कामी येतो.

आणि हे खातं शिवाशिव न करता ठेवायचं. खात्यात शिल्लक कमी झाली म्हणून कोषाध्यक्षांनी खिशातले ५०० रुपये भरले, गावातल्या दुकानदारानं १५ ऑगस्टची देणगी त्याच क्यूआर कोडवर पाठवली, की स्थानिक आणि परदेशी पैसा मिसळला. हेतू चांगला असला तरी तो कायद्याचा भंगच. उपाय साधा आहे. परदेशी देणगीच्या खात्याला क्यूआर कोड घेऊच नये, चेकबुक वेगळ्या रंगाच्या फाइलमध्ये ठेवावं आणि स्थानिक पावतीपुस्तकावर फक्त स्थानिक खात्याचा क्रमांक छापावा. परदेशी रकमेवरचं व्याजही परदेशीच धरतात, त्याची नोंद त्याच वहीत.

वार्षिक विवरण, एफसी-४, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. वर्षभरात काही आलं नसलं तरी भरायचं. विश्वस्त मंडळात बदल झाला तर तो वेगळ्या अर्जानं कळवायचा. धर्मादाय आयुक्तांकडे बदल-अर्ज दिला म्हणजे दिल्लीलाही कळलं, असं नसतं. नोंदणी पाच वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी किमान चार महिने जावा असं मंत्रालयानं २०२५ मध्ये सांगितलं आहे. मुदत संपली आणि नूतनीकरण आलं नाही, तर नवे पैसे घेता येत नाहीत आणि खात्यात असलेलेही वापरता येत नाहीत. चार शिक्षिकांचा पगार तिथेच थांबतो. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी, दरवर्षीच्या दिनदर्शिकेवर नव्हे, भिंतीवर.

पावत्यांबद्दल थोडं. पाड्यावर बिल देणारं दुकान नसतं. लाडू, चणे, वह्या नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातून घाऊक घेतल्या तर पक्कं बिल मिळतं आणि स्वस्तही पडतं. मानधन बँकेतूनच द्यावं. जिथे रोख टाळता येत नाही, उदाहरणार्थ वर्गासाठी घेतलेल्या पडवीचं भाडं, तिथे घेणाऱ्याचं नाव, कारण, तारीख, सही किंवा अंगठा असलेलं व्हाउचर करावं आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावावं. अंगठ्याशेजारी ओळखणाऱ्याची सही हवी, ती नेमकी राहते.

आता आशाच्या बाजूच्या उणिवा. स्वयंसेवकांच्या संस्थेत माणसं बदलतात. विद्यापीठातल्या शाखेत तर अभ्यासक्रम संपला की पालक दुसऱ्या शहरात. नव्या माणसाला कोकणा भाषेपासून पुन्हा सारं सांगावं लागतं, आणि तोही पहिल्या वर्षी तेच तीस प्रश्न विचारतो. यावर तक्रार करण्यापेक्षा प्रश्नोत्तरांची एक फाइल करून ठेवावी आणि दरवर्षी जून महिन्यात ती ताजी करावी. पत्रव्यवहार मुख्यतः इंग्रजीत चालतो, हा दुसरा त्रास. शिक्षिकेनं मराठीत लिहिलेला अहवाल आणि संस्थेच्या कार्यालयानं पाठवलेलं त्याचं इंग्रजी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ‘सोमी तीन दिवस आली नाही, तिच्या आईला ताप’ याचं ‘आरोग्यविषयक कारणांमुळे उपस्थितीत चढउतार’ होतं आणि सोमी नाहीशी होते. मूळ मराठी पान जोडून पाठवावं. मराठी वाचणारा कोणीतरी शाखेत बहुधा निघतो, आणि वाचणारा खूश होतो.

मदत दरवर्षी नव्यानं ठरते हे धरून चालावं. पाच वर्षांची हमी मागू नये, कोणी तोंडी दिली तरी तिच्यावर शिक्षिका नेमू नये. वर्षाच्या खर्चातला निदान तिसरा हिस्सा स्थानिक ठेवला तर एखादा हप्ता चुकला तरी वर्ग बंद पडत नाही. सर्वस्वी परदेशी पैशावर चालणारा वर्ग मुलांच्या आईबापांना आपला वाटत नाही, असाही आमचा ग्रह आहे. पडवी झाडून देणं, पावसाळ्यात ताडपत्री बांधणं, मुलांना पाण्याचा हंडा भरून ठेवणं एवढं गावानं केलं, तर तेही अंदाजपत्रकात ‘गावाचा वाटा’ म्हणून लिहावं. शाखेच्या बैठकीत त्या ओळीकडे लक्ष जातं.

ज्यांची मुलं-सुना तिकडे आहेत त्या नाशिककरांसाठी वेगळं सांगायला हवं. शाखेला दिलेली त्यांची देणगी तिथल्या करातून वजावटीला पात्र असते, कारण संस्था तिथे करमुक्त धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे. त्यांच्या दृष्टीनं इथल्या ८०जी पावतीचा (आयकरात सवलतीसाठी मिळणारी) उपयोग नाही. पण देणगीपेक्षा त्यांची सुट्टीतली एक भेट मोलाची. इंदिरानगरला आई-वडिलांकडे आलेल्या मुलीनं एक दिवस काढून पेठचा रस्ता धरला, वर्गात दीड तास बसली आणि दोन पानं लिहिली, तर बैठकीत त्या पानांना खूप वजन असतं. तिला एकच विनंती करावी : शाखेला आधी सांगून जा आणि खाऊ नेऊ नकोस. खाऊ वाटला की पुढचा तास वर्ग वर्ग राहत नाही.

पहिलं पत्र एका पानाचं असावं. पाड्यांची नावं, तालुका, मुलांची संख्या इयत्तेनुसार, शाळा किती अंतरावर आणि तिथे किती शिक्षक, वर्ग कोणत्या वेळेत, शिक्षिका कितवी शिकलेली आणि त्याच पाड्यावरची आहे का, नोंदणीची मुदत कधी संपते, मागच्या वर्षीचा एकूण खर्च आणि तो कोणी दिला. फोटो दोनच, एकात मुलांची पाठ आणि फळा दिसावा. बॅनर धरून उभ्या केलेल्या मुलांचा नको. आणि हजेरीपत्रकाचं एक पान, शक्यतो जुलैचं.